गाडी गेली नव्हती

माझ्या नवऱ्याला पूल खेळताना हातमोजा घालणारी माणसं आवडत नसत. डाव्या हाताचा पंजा टेबलावर टेकवून अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातून स्टिक पुढेमागे सरकवायची असते. घामानं ती अडखळू नये म्हणून हल्ली पुष्कळ जण त्या हातात काळा, ताणणारा, तीन बोटांचा मोजा घालतात. ह्यांचं म्हणणं, मोजा घातला की खालचं कापड कळत नाही. स्वतः हे पावडर लावायचे, तीही चिमूटभर. कुणी भसाभसा पावडर लावली आणि हिरव्या कापडावर पांढरे पंजे उमटले, की ह्यांच्या कपाळावर आठी यायची.

स्टिकचंही तसंच. क्लबातल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या सार्वजनिक स्टिका हे हातात धरत नसत. त्या उन्हाळ्यात वाकतात म्हणायचे. ह्यांची स्वतःची स्टिक दोन तुकड्यांची, मधोमध आटे असलेली, हैदराबादहून आणलेली. तिच्यावर नक्षी नव्हती. वजन मागच्या बाजूला जास्त, कारण पुढचा हात हलका राहायला हवा. टोकाला चामड्याची टीप असते, ती ह्यांना मऊच लागायची. कडक टीप आवाज छान करते, पण मऊ टीप बॉलला क्षणभर धरते आणि ते धरणं बोटांपर्यंत येतं, असं एकदा त्यांनी मला समजावलं होतं. रविवारी सकाळी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून हे त्या टिपेला पॉलिश पेपरनं गोलाई देत बसायचे आणि मी त्याच वर्तमानपत्राची पुरवणी त्यांच्या गुडघ्याखालून ओढून घेऊन वाचायची.

हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. मी इथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घरात बोलणं कमीच असायचं आणि त्याची कुणाला अडचण वाटत नसे. रोज सकाळी चहाच्या आधी हे जेवणाच्या टेबलावर सॉसची रिकामी बाटली आडवी ठेवायचे आणि तिच्या तोंडातून स्टिक आत-बाहेर करत राहायचे. काचेला लागता कामा नये, हा सराव. समोर मी वह्या तपासत असायची. कधीतरी किणकिण व्हायचं. हे स्टिक बाहेर काढून पुन्हा सुरुवात करायचे.

खेळावर ह्यांचं प्रेम कशासाठी होतं, याचा मी आता विचार करते. जिंकण्यासाठी नसावं. बॉल पॉकेटमध्ये गेला की ह्यांचं तिकडे लक्षच नसायचं. हे पांढऱ्या बॉलकडे बघत राहायचे, तो कुठं जाऊन थांबतो ते. मारण्याआधीच बोटानं दाखवायचे, ‘इथं थांबेल.’ तो तिथं थांबला की चेहऱ्यावर जे येई, ते मी घरात फार थोड्या वेळा पाहिलं.

उमरग्यात बायपासच्या बाजूला, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर तो क्लब आहे. दोन टेबलं, एक कूलर, लोखंडी जिना. मालकांना सगळेच मामा म्हणतात. खाली सोलापूर-हैदराबाद रस्ता. भरलेला ट्रक गेला की मजला थरथरतो आणि टेबलावरचे बॉल जागच्या जागी हलतात. मामा दर पंधरवड्याला टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची पट्टी सारून पातळी नीट करतात, पण थरथरण्यावर उपाय नाही. त्यामुळे तिथला एक नियम ठरून गेला आहे. ट्रकमुळे बॉल हलला तर तो कुणाचाच दोष नाही. कुणीतरी ‘गाडी गेली’ म्हणायचं आणि पुढं खेळायचं.

दुसरा नियम याहून कडक. खेळताना हात, मनगट, बाही, काहीही एखाद्या बॉलला लागलं तर तो फाउल. पाळी जाते आणि समोरच्याला पांढरा बॉल उचलून हवा तिथं ठेवून मारायला मिळतो. तिथं पंच नसतो. आपला फाउल आपणच सांगायचा. टेबलाच्या लाकडी कडेवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचं आणि बाजूला व्हायचं. बघणाऱ्यानं बोलायचं नाही. ह्यांची त्या क्लबात जी काही किंमत होती, ती या वाजवण्यामुळे होती. कुणाच्याही लक्षात न आलेला फाउल हे वाजवायचे. पोरं चिडवायची, ‘साहेब हवा लागली तरी वाजिवत्यात.’

मागच्या वर्षी ह्यांना आतड्याचा आजार निघाला. सोलापूरला उपचार सुरू झाले. औषध चढवून आलं की चार-सहा दिवस नुसते पडून असायचे, मग उठायचे. हळूहळू बोटांची टोकं बधिर होत गेली. आधी मुंग्या, मग काहीच नाही. शर्टाची गुंडी बोटात धरली आहे की सुटली, हे त्यांना बघितल्याशिवाय कळेना. नखं काळी पडली. डॉक्टर म्हणाले, संवेदना परत येईल, कदाचित येणारही नाही.

आजाराचं क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. बोटांचं ह्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिवाळीच्या सुमारास पुन्हा जायला लागले तेव्हा हातात काळा मोजा होता. टेकवलेल्या हाताची तीन नखं तरी दिसू नयेत म्हणून.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच तो लोखंडी जिना चढले. ब्रेकवरचा हात कळत नसल्यानं ह्यांनी स्कूटर चालवणं सोडलं होतं. मी न्यायची, मी आणायची, आणि खाली टायरच्या दुकानासमोर उभं राहण्यापेक्षा वर येऊन बस, असं मामाच म्हणाले. मला त्यांनी खिडकीपाशी खुर्ची दिली.

मोजा बघून तिथं नेहमी खेळायला येणारे मेडिकल दुकानवाले म्हणाले, “साहेब, ह्ये काय? मोटारसायकल चालवत आलाव का?”

मामा म्हणाले, “न्हाय. वहिनींनी भांडी घासायला लावल्यालं दिसतंय.”

“तुमच्या टेबलाची धूळ हाताला लागू नये म्हणून,” हे म्हणाले आणि सगळे हसले. हेही हसले. तो मोजा चढवायला मला घरी किती वेळ लागला होता, एवढंच मला आठवत होतं.

बोटांचं लपवायचं कारण मला जिन्यात कळलं. त्या क्लबात एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांना सगळे सूट देतात. म्हणजे सोपा बॉल मुद्दाम चुकवतात, फाउल झाला तर बघत नाहीत. गुरुजी रोज जिंकतात आणि खुशीत घरी जातात. जिना उतरताना हे थांबून म्हणाले, “माझं तसं व्हायला नको.”

मी कठडा धरून खालच्या पायरीवर थांबले.

“ऑफिसात मला आता हलकी कामं देतात. घरी तू भांडत नाहीस. मुलगी फोनवर रोज चांगलंच बोलते. ही एकच जागा राहिली आहे जिथं मला कुणी सोडत नाही. बोटांचं कळलं की तीही जाईल.”

मग मी रविवारी दुपारी पुस्तक घेऊन त्या खिडकीत बसायला लागले. खेळ मला येत नाही, पण बघून समजत गेला. एकाच्या वाट्याला साध्या रंगाचे बॉल, दुसऱ्याच्या वाट्याला पट्ट्यांचे, आपले सगळे घालून झाले की शेवटी काळा. ह्यांची सुरुवात ठरलेली असायची. पांढरा बॉल सरळ पलीकडच्या कडेवर मारायचा, तो परत येऊन स्टिकच्या टिपेवरच टेकला पाहिजे. टेकेपर्यंत डाव सुरू करायचा नाही. आता तो टेकायला उशीर व्हायचा. पण हे जिंकत होते. आजारी होण्याआधी जिंकत त्यापेक्षाही थोडे जास्तच. घरी येताना स्कूटरवर मागे बसून मला कुठला बॉल कसा घातला ते सांगायचे, आणि वाऱ्यामुळे मला निम्मंच ऐकू यायचं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मेडिकलवाल्यांशी डाव चालला होता. पांढऱ्या बॉलच्या अगदी मागे दुसरा एक बॉल अडकला होता. अशा वेळी पंजा पसरून टेकवता येत नाही. बोटांच्या टोकांवर हात उभा करायचा, मधल्या बॉलवरून स्टिक तिरपी खाली आणायची. ह्यांनी हात उभा केला. माझी नजर त्या अडकलेल्या बॉलवर होती, कारण त्याच्या पांढऱ्या गोलातला तेराचा आकडा बरोबर माझ्याकडे तोंड करून होता आणि वाचण्यासारखं समोर काही असलं की मी ते वाचतेच. ह्यांची करंगळी त्याला लागली. आकडा वळला. तेरा आडवा झाला.

ह्यांनी मारलं. बॉल पडला. मग ह्यांना तो तेरा किंचित डुलताना दिसला.

“हा हलला का रे?”

“गाडी गेली, साहेब,” मेडिकलवाले म्हणाले. “खेळा.”

मी खिडकीतून खाली बघितलं. धनगराची मेंढरं रस्ता ओलांडत होती. एका टोकाला ट्रकांची रांग थांबली होती, दुसऱ्या टोकाला एसटी. मेंढरं सावकाश चालली होती आणि रस्त्यावर एकही चाक फिरत नव्हतं.

मी वळले. मामा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली आणि कूलरचं बटण दाबायला गेले. कूलरची त्या दिवसांत गरज नव्हती.

हे हात धुवायला गेले तेव्हा मी मामांना विचारलं. ते हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, बघून सोडून द्या. आमी बी तेच करतोय.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासनं. त्यास्नी कळत न्हाय वो, बोट लागल्यालं. पहिल्याच दिवशी आमच्या ध्यानात आलं. आता त्यास्नी सांगून काय मिळवायचं? माणूस हसत घरी जातोय.”

घरी जाताना स्कूटरवर मागून आवाज येत होता. तेराच्या मागून कसा काढला ते हे सांगत होते.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात. कारण घरात काहीच घडलं नाही. सकाळी बाटली आडवी व्हायची. किणकिण आता सारखी होत होती. ह्यांना ती ऐकू यायची, हे पुन्हा सुरुवात करायचे, पुन्हा किणकिण. मी एकाच वहीवर लाल पेन धरून बसलेली असायची. वाटायचं आता सांगावं. मामांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नव्हतं. पण जिन्यातलं ह्यांचं बोलणंही माझ्यापाशी होतं. ह्यांना जे नको होतं तेच ह्यांच्याभोवती उभं राहिलं होतं, आणि हे त्याच्या मध्यभागी उभे राहून रोज जिंकत होते.

मग अण्णांचा निरोप आला. अण्णा सीमेपलीकडचे, बसवकल्याणच्या बाजूचे. त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माल घ्यायला इकडे येतात आणि आले की ह्यांच्याशी खेळतात. पुष्कळ वर्षं खेळत होते. दोघं एकमेकांना इतकं टोचून बोलायचे की नवख्या माणसाला वाटावं आता मारामारी होणार. ह्यांच्या आजारपणात अण्णांचं येणं झालं नव्हतं. निरोप आल्यावर दोन दिवस हे वेगळेच होते. टीप नवी बसवून घेतली. बोटं साथ देत नव्हती म्हणून पॉलिश पेपर मी धरला आणि स्टिक ह्यांनी फिरवली.

मला वाटलं, अण्णांना क्लबातलं काही माहीत नसणार. ते सोडणार नाहीत. मग जे व्हायचं ते सरळ होईल.

आम्ही पोचलो तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर मामा अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. आम्हाला बघून थांबले. अण्णांचा चेहरा मी बघितला आणि समजले.

“नमस्कार वहिनी,” अण्णा म्हणाले. ह्यांना म्हणाले, “बरं हाय ना, साहेब?”

“हे काय विचारणं झालं?” हे म्हणाले. “इतके दिवस कुठं लपला होतास?”

“दुकान होतं की.”

एरवी या प्रश्नाला अण्णांनी काय उत्तर दिलं असतं ते सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. सगळे टेबलाभोवती गोळा झाले. गुरुजीही होते. मी खिडकीत बसले, पुस्तक उघडलं आणि एक ओळही वाचली नाही.

डाव सुरू झाला. अण्णा नीट खेळत होते, निदान तसं दाखवत होते, पण बोलत नव्हते. दोनदा सोपा बॉल पॉकेटच्या तोंडाशी अडकला. अण्णा खडूनं टीप घासत राहिले आणि ह्यांच्याकडे बघायचं टाळत राहिले.

“अण्णा, तोंडात गुळणी धरली आहेस का?”

“न्हाय साहेब.”

“मग बोल की काहीतरी.”

“तुमी लई चांगलं खेळतायसा.”

हे क्षणभर थांबले. मला वाटलं आत्ताच कळेल. पण हे पुन्हा टेबलाकडे वळले.

ह्यांचा एकच पट्ट्याचा बॉल राहिला होता आणि मग काळा. अण्णांचे चार अजून टेबलावर होते. पांढरा येऊन अण्णांच्या निळ्या बॉलला खेटून थांबला. ह्यांनी बोटांच्या टोकांवर हात उभा केला. मोज्यातून बाहेर राहिलेली करंगळी निळ्या बॉलवर टेकली आणि तिथंच राहिली, भिंतीला हात टेकून माणूस उभा राहतो तशी. सगळ्यांनी बघितलं. कुणी खोकलंसुद्धा नाही.

ह्यांनी मारलं. पट्ट्याचा बॉल सरळ कोपऱ्यात गेला. पांढरा काळ्याच्या समोर, ह्यांनी बोटानं दाखवलेल्या जागी येऊन थांबला. हात उचलताना निळा बॉल बोटभर सरकला.

“हा हलला,” हे म्हणाले.

“गाडी गेली,” अण्णा म्हणाले. “खेळा साहेब, काळा घाला.”

रस्ता फाट्यापासून पुलापर्यंत रिकामा होता. एक सायकल होती.

“गाडी गेली नाही,” मी म्हणाले.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. सगळ्यांनी वळून बघितलं. त्या खोलीत सगळ्यांसमोर मी तोवर चहा नको एवढंच बोलले असेन. बघणाऱ्यानं बोलायचं नाही, हे मला माहीत होतं.

ह्यांनी विचारलं, “काय म्हणालीस?”

“गाडी गेली नाही. मी खिडकीत बसले आहे. तुमची करंगळी लागली निळ्याला.”

“वहिनी, मी हितंच उभा हाय,” अण्णा घाईनं म्हणाले. “लागली न्हाय. मी बघत होतो की.”

“बघत होतास?” हे म्हणाले.

अण्णांनी हातातला खडू कडेवर ठेवला.

ह्यांनी करंगळीकडे बघितलं. मग एकेकाकडे बघितलं. मामा, मेडिकलवाले, गुरुजी. कुणीही नजर वर ठेवली नाही. हे हुशार होते, हिशोब लागायला त्यांना वेळ लागला नाही. चेहरा आधी लाल झाला, मग अगदी रंग गेला. मला वाटलं स्टिकचे आटे उलगडून पिशवीत टाकतील आणि जिना उतरतील, आणि परत कधी चढणार नाहीत. मी पुस्तक मिटून उठलेच होते.

ह्यांनी डावा हात टेबलाच्या कडेपाशी नेला आणि पेरानं लाकडावर दोनदा वाजवलं. पांढरा बॉल उचलला आणि अण्णांच्या हातात दिला.

“तुझी पाळी.”

अण्णांनी पांढरा ठेवला. समोरचा बॉल लहान मुलानंही घातला असता. अण्णांनी तो चुकवला.

“परत ठेव,” हे म्हणाले.

“चुकला की साहेब. हात हाय, चुकतो.”

“अण्णा, परत ठेव.” आवाज चढला नव्हता. “इतक्या वर्षांत तू मला एक बॉल सोडला नाहीस. मी सोलापूरला पडलो होतो तेव्हा तुझ्याशी खेळायचं डोक्यात होतं. या सगळ्यांशी नव्हे. तू सोडणार असशील तर आत्ता सांग, मी घरी जातो.”

अण्णांनी पांढरा बॉल उचलून हातात घेतला. त्यांना राग आला होता. कुणावर ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी पांढरा ठेवला आणि चारही बॉल एकापाठोपाठ एक घातले, आणि काळा इतक्या जोरात मारला की पॉकेटची जाळी हलली.

“झालं समाधान?” अण्णा म्हणाले. “गौर्मेंटचा पगार खाऊन हात जड झालाय तुमचा. घरी बसून बाटलीसंगं खेळा, ती हरंल.”

ह्यांनी खुर्चीवर बसून घेतलं आणि मान डोलावली.

येताना मागून आवाज आला नाही. घराच्या वळणावर हे म्हणाले, “आधीच्या डावांतही?”

“हो.”

“सगळ्या?”

“सगळ्यांचं मला माहीत नाही. पण हो.”

माझ्याशी हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पायात चप्पल घालून दारात उभे राहिले. क्लबात जाऊन मामांना म्हणाले, दिवाळीपासून मी जिंकलेले डाव जिंकलेले नाहीत. ते परत खेळायचे. हरलेले आहेत तसे राहू द्या.

“आता जुनं कशाला उकरताव, साहेब?” मामा म्हणाले.

“तुम्ही पुरलंत म्हणून.”

मग तशी रीत पडली. हात उभा करायची वेळ आली की हे म्हणायचे, “बघ गं.” मी खिडकीतून उठून जायची आणि टेबलाच्या पातळीवर डोळे आणून करंगळी आणि बॉल यांच्यामधून उजेड दिसतो का ते बघायची. दिसला तर ‘आहे’ म्हणायचं, नाही तर ‘लागतंय’. ‘लागतंय’ म्हटलं की हे लाकूड वाजवून बाजूला. मेडिकलवाले मला थर्ड अंपायर म्हणायला लागले. स्पर्शाची जागा ह्यांनी डोळ्यांना द्यायला घेतली होती. एकेक बोट बघून, पेन्सिलीनं खूण करावी तसं ठेवायचे. सुरुवातीला लोक अवघडून खेळले. मग विसरले, आणि खेळ खेळासारखा व्हायला लागला.

हे हरायला लागले. एकामागून एक. मामांनी हरवलं, मेडिकलवाल्यांनी हरवलं, एकदा गुरुजींनीही हरवलं आणि त्यात कुणी काही सोडलं नव्हतं. उन्हाळ्यात एकदाच मेडिकलवाल्यांविरुद्ध डाव जिंकले. ते खरोखर चिडले, टेबल वाकडं आहे म्हणाले, मामांशी पट्टीवरून भांडले. हे घरी येईपर्यंत मला विचारत होते, “चिडला होता ना तो? तुला काय वाटलं?”

अण्णा मात्र जिंकतच राहिले. उन्हाळा सरता सरता ह्यांना दोन पाळ्यांच्या मध्ये खुर्ची लागू लागली. शेवटच्या डावात पांढरा कुठं थांबेल ते ह्यांनी बोटानं दाखवलं आणि तो भलतीकडेच गेला. अण्णांनी काळा घालून स्टिक भिंतीला लावली आणि ह्यांना उठवायला हात पुढं केला. ह्यांनी तो घेतला नाही, टेबल धरून उठले.

हे श्रावणात गेले.

तेरावा झाल्यानंतर एका दुपारी अण्णा भेटायला आले. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पुरुषमंडळी बसली होती. मी आतल्या दारात होते. माझे थोरले दीर, इकडच्याच वाशीचे, आल्या-गेल्याशी तेच बोलायचे. आणि बोलणं त्या दिवसांत एकाच वळणाचं होतं. ह्यांच्यासारखा माणूस नाही, ह्यांनी कुणाला दुखवलं नाही, आजाराला दाद दिली नाही.

दीर अण्णांना म्हणाले, “तुमी त्याच्यासंगं खेळायचाव म्हणं. शेवटपर्यंत कुणाला हारला न्हाय म्हणत्यात आमचा भाऊ.”

“कोण म्हणलं?” अण्णा म्हणाले. “मला हरले की. सारखे हरले. शेवटचा डाव तर लई वाईट हरले.”

कुणीतरी घसा साफ केला. दिरांचा चेहरा कडक झाला. “पाव्हणं, अशा घरात येऊन असं बोलत्यात व्हय?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “वहिनींना इचारा. त्या उभ्या होत्या तिथं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतके दिवस माझ्याशी जो तो खालच्या आवाजात बोलत होता.

“हरले,” मी म्हणाले. “पांढरा भलतीकडेच थांबला. मग अण्णांनी काळा घातला, डाव्या कोपऱ्यात.”

“उजव्या, वहिनी,” अण्णा म्हणाले.

उजव्याच कोपऱ्यात घातला होता. मी चहा ठेवायला आत गेले.